मुक्कामाचा हक्क

परदेशी जाऊन राहिलेल्या माणसांबद्दल मराठीत गेल्या साठ वर्षांत पुष्कळ लिहून झाले आहे. दिवाळी अंकांतले लेख, आत्मकथने, नाटके, मंडळांच्या स्मरणिका, अधिवेशनांतली भाषणे यांत फिरून फिरून तेच प्रश्न येतात: मुलांचे मराठी टिकेल का, मागे राहिलेल्या आईवडिलांकडे कोण पाहणार, परत यायचे की तिथेच राहायचे. हे प्रश्न खोटे नाहीत. पण ते प्रत्येक घराने आपल्या मनाशी सोडवायचे भावनिक पेच आहेत, अशा थाटात मांडले जातात. या घरांना त्या देशाने कोणत्या अटीवर राहू दिले आहे, नोकरी सुटली तर किती दिवसांत निघावे लागेल, जोडीदाराला कमावण्याची मुभा आहे का, दहा-पंधरा वर्षे कर भरल्यावर कायम राहण्याचा हक्क मिळतो की नाही, याची चर्चा मात्र वकिलाच्या कचेरीत किंवा व्हॉट्सॲपच्या गटांत होते, साहित्यात आणि सार्वजनिक चर्चेत क्वचितच. माझे म्हणणे असे की परदेशातल्या आयुष्याचा घाट संस्कृतीपेक्षा आधी या अटी ठरवतात, आणि भाषा, नाती, परतणे यांचे निर्णयही बरेचसे त्यांच्याच आधाराने होतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकड्यांनुसार परदेशस्थ भारतीय आणि भारतीय वंशाचे लोक मिळून साडेतीन कोटींच्या घरात आहेत. एवढ्या मोठ्या समूहाचा विचार नुसत्या हुरहुरीच्या अंगाने करत राहणे आता पुरेसे नाही.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेत सापडतो, कारण तिथे माणसे त्याच तऱ्हेची, देश तोच, आणि बदलला तो कायदा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र आहे, असा निकाल दिला आणि आधी नागरिक झालेल्या अनेकांचे नागरिकत्वही काढून घेतले गेले. १९४६ च्या कायद्याने ती बंदी उठली, पण भारतासाठी कोटा ठेवला वर्षाला १०० माणसांचा. खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने, जो १९६८ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानंतरच्या दशकात मुंबई-पुण्याहून गेलेल्या डॉक्टर-इंजिनियरांपैकी अनेकांना थेट स्थलांतरिताचा व्हिसा मिळाला, किंवा शिक्षण संपल्यावर थोड्या काळात ग्रीनकार्ड हाती आले. त्यांनी घरे घेतली, दवाखाने थाटले, भावंडांना बोलावून घेतले, गावोगावी मंडळे उभी केली आणि १९८१ मध्ये त्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. या पिढीच्या कर्तबगारीचे कौतुक आपण नेहमी करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या कर्तबगारीच्या पायाशी एक साधी गोष्ट होती: उद्या इथून निघावे लागेल ही भीती त्यांना नव्हती. गणेशोत्सवासाठी सभागृहाची जागा विकत घ्यायची, रविवारची मराठी शाळा वीस वर्षे चालवायची, स्थानिक शाळामंडळाच्या निवडणुकीला उभे राहायचे, ही कामे मुक्काम पक्का असल्याशिवाय कोणी अंगावर घेत नाही.

१९९० च्या कायद्याने एच-१बी हा व्हिसा आताच्या रूपात आणला आणि पुढे संगणक क्षेत्रातून गेलेली पिढी प्रामुख्याने त्याच वाटेने गेली. हा व्हिसा तीन वर्षांचा, फार तर सहा वर्षांपर्यंत वाढणारा. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा आहे. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात. खरी अडचण त्यापुढे, ग्रीनकार्डाच्या रांगेत. तिचे गणित एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीनकार्डे दिली जातात आणि त्यात बायको-मुलांचीही गणना होते. त्यांपैकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,००० कार्डे ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटासाठी असतात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये असा दंडक आहे, मग तो देश आइसलँड असो की भारत. म्हणजे भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला या गटातून हक्काची येतात वर्षाला जेमतेम २,८००. इतर देशांच्या न वापरलेल्या कार्डांतून थोडी भर पडते, ती वेगळी. सगळ्या गटांत मिळून रांगेत उभे असलेले भारतीय, कुटुंबांसह, दहा लाखांहून अधिक आहेत. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते आणि हजारो भारतीय घरांत आपल्या प्रायॉरिटी डेटची, म्हणजे रांगेत नाव लागल्याच्या तारखेची, पाळी आली का हे त्यात पाहिले जाते. २०२५ मध्ये ईबी-२ गटातील भारतीयांसाठी पाळी आलेली तारीख २०१३ च्या आसपास रेंगाळत होती. आज अर्ज करणाऱ्याने किती वर्षे थांबायचे, याचे उत्तर माणसाच्या कामाच्या वयात बसत नाही.

रांगेत असताना व्हिसा वाढत राहतो, त्यामुळे माणूस बेकायदा ठरत नाही. पण प्रत्येक गोष्ट नोकरीला बांधलेली राहते. नोकरी गेली तर ६० दिवसांत नवी कंपनी शोधून तिच्याकडून अर्ज दाखल करून घ्यायचा, नाहीतर देश सोडायचा. २०२२-२३ मध्ये मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी कर्मचारीकपात केली तेव्हा एकाच खोलीत, एकाच पगारावर काम करणाऱ्या दोघांपैकी नागरिक असलेल्याला ती बातमी आर्थिक संकटाची होती. एच-१बीवाल्याला तीच बातमी घर, गाडी आणि मुलांची शाळा दोन महिन्यांत आवरण्याची होती. कंपनी बदलली तर जुनी तारीख टिकते, पण ग्रीनकार्डाची बाकीची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणून माणसे नको असलेल्या जागी थांबतात, हुद्दा वाढवून घ्यायला कचरतात, स्वतःची कंपनी काढण्याचा विचार बाजूला ठेवतात. भारतात यायचे तर स्टॅम्पिंगची धास्ती असते. तिथे राहण्याची मुदत वाढलेली असली, तरी पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर परत जाताना वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळवावी लागते, आणि ती वेळेत मिळेलच असे नाही. वडील आजारी असताना मुलगा आला नाही, ही गोष्ट आपल्याकडे बेपर्वाईच्या खात्यावर सहज मांडली जाते. त्यातल्या कित्येक वेळा तो शिक्का आड आलेला असतो.

याची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली आहे. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करण्याची परवानगी मुळात नव्हती. इंजिनियर, दंतवैद्य, सनदी लेखापाल असलेल्या मुली लग्न होऊन गेल्या आणि वर्षानुवर्षे घरी बसल्या. २०१५ मध्ये नियम बदलला आणि नवऱ्याची ग्रीनकार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचली असेल तर बायकोला काम करता येऊ लागले. पहिल्या दोन-तीन वर्षांत ही परवानगी घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या आणि जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात भारतात जन्मलेल्या. म्हणजे इतके दिवस ज्याला परदेशातल्या गृहिणीचे एकटेपण म्हणून गोंजारले जात होते, त्याचा मोठा भाग एका प्रशासकीय नियमाने तयार केला होता आणि दुसऱ्या नियमाने तो कमी झाला. मुलांचीही तीच कथा. लहानपणी नेलेले, तिथेच वाढलेले मूल २१ वर्षांचे झाले की आईबापाच्या अर्जावर अवलंबून राहू शकत नाही. ज्या देशाखेरीज दुसरा देश त्याला धड ठाऊक नाही, तिथे त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने रांग लावावी लागते.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. ही माणसे स्वतःच्या मर्जीने गेली, अटी वाचून सही केली, रुपयांत न मावणारा पगार घेतात. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या किंवा मुंबईतल्या कंत्राटी सफाई कामगाराच्या शेजारी त्यांच्या तक्रारीला जागा का द्यावी? शिवाय कोणाला किती काळ राहू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. दुसरी गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. पहिलीबद्दल एवढेच म्हणतो की सही करताना ज्या अटी होत्या त्या पुढे राहत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क लावले. घोषणा शुक्रवारी आली, अंमल रविवारपासून होता. सुट्टीवर भारतात आलेली माणसे धावतपळत परतीची तिकिटे काढू लागली. हे शुल्क जुन्या व्हिसाधारकांना नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. वीस वर्षे कायदा पाळून राहिलेल्या माणसाची ही स्थिती असेल, तर तो त्याच्या पगाराच्या आकड्याने झाकला जाणारा प्रश्न नाही. आणि पगाराचा युक्तिवाद जिथे मुळीच लागू पडत नाही अशी परदेशातली मराठी माणसे आहेतच. त्यांच्याविषयी आपण आणखी कमी बोलतो.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून आखातात जाणे आता तिसऱ्या पिढीत आहे. कोकणातल्या कित्येक गावांतली पक्की घरे, शाळा आणि मशिदी कुवेत, सौदी, कतार, दुबईच्या कमाईवर उभ्या राहिल्या. संयुक्त अरब अमिरातीच्या लोकसंख्येत जवळजवळ नऊ-दशांश परदेशी आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा, ३५ लाखांहून अधिक. पण तिथे कायम राहण्याचा सर्वसाधारण मार्गच नाही. राहण्याची परवानगी कफीलच्या, म्हणजे हमीदार मालकाच्या नावावर मिळते. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे कायद्याने मना असले तरी सर्रास चालते. सौदीत मालकाने कामगार पळून गेल्याची तक्रार, हुरूब, नोंदवली की त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, निकामी होतो, मग तो पगार थकला म्हणून निघून गेलेला का असेना. एजंटला पैसे मोजून आझाद व्हिसावर गेलेला माणूस कागदोपत्री एकाचा आणि प्रत्यक्षात दुसऱ्याचा कामगार असतो आणि पहिल्या तपासणीतच सापडतो. अमिरातीत बायको-मुलांना आणायचे तर महिन्याला ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, एवढी मिळकत दाखवावी लागते. गवंडी, ड्रायव्हर, सफाई कामगार यांच्या आवाक्यात ती नसते. तीस वर्षांच्या संसारातली तीन वर्षेही एकत्र न राहिलेले नवराबायको कोकणात शोधावे लागत नाहीत. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. दोनशेच्या जवळपास माणसे तिथे दाटीवाटीने राहत होती. ४५ भारतीय मेले. अशा इमारतीत माणूस राहतो कारण मालक देईल तिथेच त्याला राहावे लागते, आणि संघटना करून दुसरी जागा मागितली तर परतीचे विमान दाखवले जाते.

सुधारणा झाल्या आहेत, हे नोंदवले पाहिजे. जागतिक फुटबॉल स्पर्धेमुळे जगाचे लक्ष वेधले गेल्यावर कतारने देश सोडण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट २०१८ ते २०२० दरम्यान बहुतेकांसाठी काढली, नोकरी बदलायला मालकाचे ना-हरकत पत्र लागेनासे झाले आणि मार्च २०२१ पासून १,००० रियालचे किमान मूळ वेतन आले. सौदीनेही २०२१ मध्ये नोकरी बदलण्याचे नियम सैल केले. याचा अर्थ असा की कफाला, म्हणजे कफीलची ही पद्धत, अरबी संस्कृतीतली अटळ रीत नाही. कायद्याने ती टिकवली आणि कायद्याने ती सैल होते.

आता जर्मनी. महाराष्ट्राशी त्या देशाचा संबंध नव्याने घट्ट होतो आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि त्याच वर्षी जर्मनीने भारतीयांसाठीच्या कुशल कामगार व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जाहीर केले. पुण्याचा एक संगणक अभियंता टेक्सासमध्ये आणि दुसरा श्टुटगार्टमध्ये एकाच दिवशी उतरला असे धरू. श्टुटगार्टवाल्याचा पगार कमी, कर जास्त, भाड्याचे घर मिळवताना दमछाक, आणि भाषा शिकल्याशिवाय सरकारी कचेरीत पान हलत नाही. पण ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या परवान्यावर आलेल्या या माणसाच्या बायकोला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. जर्मन भाषेची बी-१ पातळी गाठली तर २१ महिन्यांत आणि नुसती प्राथमिक भाषा येत असेल तर २७ महिन्यांत त्याला कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. जन्म कोणत्या देशात झाला यावरून वेगळी रांग नाही. जून २०२४ पासून पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. टेक्सासवाला तेवढ्या काळात बहुधा तारखेची वाट पाहायला नुकताच लागलेला असतो. तरीही आपल्याकडे या दोन देशांची तुलना पगार, थंडी आणि शाकाहारी जेवण यांवर संपते.

कोणी म्हणेल, परवाना मिळाला म्हणून माणूस तिथला होतो का? जर्मनीत स्थलांतरविरोधी पक्षाची मते वाढतच आहेत. नागरिक झालेल्यालाही बसमध्ये तू कुठला, असे विचारले जाते. परकेपण कागदाने जात नाही. हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर मराठी बोलणाऱ्याच एका समाजाच्या इतिहासात आहे. कोकणातले बेने इस्रायली ज्यू, कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या कायद्यानुसार तिथे गेले ते उतरल्याबरोबर नागरिक म्हणून. तरीही त्यांना काळे म्हणून हिणवले गेले, कामे आणि घरे देताना मागे ठेवले गेले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच काहींनी भारतात परत पाठवा म्हणून धरणे धरले आणि काही जण खरोखर परत आले. पुढे तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका घेऊन लग्नासाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा दंडक घातला. नागरिकत्व असूनही झालेला हा अपमान कोणत्याही व्हिसाच्या जाचापेक्षा कमी नव्हता. पण १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, संप केला, वर्तमानपत्रे आणि खासदार आपल्या बाजूला वळवले. संसदेला खास बैठक घेऊन ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले आणि धर्मपीठाने त्या दंडकातला त्यांचा नामोल्लेख मागे घेतला. त्यांना हाकलून देण्याची सोय सरकारकडे नव्हती, म्हणून ही लढाई लढता आली. मंगाफच्या कामगाराला ती लढता येत नाही. नागरिकत्वाने परकेपण संपत नाही. त्याविरुद्ध उभे राहायला जागा मिळते.

मिळालेला हक्कही कायमचा असतो असे नाही, हे गोव्याकडे पाहिले की कळते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना ठरावीक पिढ्यांपर्यंत पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येते. हजारो गोवेकरांनी ते घेतले, पण राहायला ते लिस्बनला कमी आणि ब्रिटनला अधिक गेले, कारण युरोपीय संघाच्या पासपोर्टवर तिथे काम करता येई. स्विंडनमध्ये मोठी गोमंतकीय वस्ती झाली. ब्रेक्झिटनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पोचलेल्यांचा मुक्काम टिकला, नंतरच्यांसाठी तोच पासपोर्ट ब्रिटनपुरता निरुपयोगी झाला. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने हा व्यवहार करताना इथले नागरिकत्व आणि मत गेलेच. २०२२ ते २०२४ या प्रत्येक वर्षी दोन लाखांहून अधिक भारतीयांनी नागरिकत्व सोडले. त्यांच्या देशप्रेमावर शंका घेणारी भाषणे मला अन्यायकारक वाटतात. नागरिकत्व सोडलेल्यांना मिळणारे ओसीआय कार्ड हा आयुष्यभराचा व्हिसा आहे, त्यात मत नाही. आणि बहुतेक देशांत नागरिक झाल्याशिवाय तिथेही मत नाही. भारतीय पासपोर्ट राखून असलेल्यांना २०१० च्या दुरुस्तीने मत मिळाले, पण ते आपल्या मतदारसंघात प्रत्यक्ष येऊन द्यायचे. २०२४ च्या लोकसभेला असे मतदान करणारे तीन हजारही भरले नाहीत. ज्यांच्या मताची कुठेच मोजणी होत नाही, त्यांच्या अटी कुठलेही सरकार आपणहून सुधारत नाही.

या सगळ्यात आपल्या राज्याकडे करण्यासारखे पुष्कळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून भारतात आलेल्या पैशांत सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता, केरळ त्याखालोखाल. केरळने परदेशस्थांसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र खाते काढले आणि पुढे त्यांच्यासाठी कल्याण मंडळ व निवृत्तिवेतन सुरू केले. आपल्याकडे परदेशस्थ मराठी माणूस सरकारला दिसतो तो अधिवेशनाच्या व्यासपीठावर आणि गुंतवणुकीच्या बैठकीत. रत्नागिरी आणि अलिबागला, जिथून माणसे आखातात जातात, तिथे कराराचा मसुदा वाचून दाखवणारी आणि एजंटची नोंदणी तपासून देणारी सरकारी खिडकी हवी. दहावी न झालेल्यांना ठरावीक देशांत जाताना केंद्राची मंजुरी लागते, ती १९८३ च्या कायद्याने. पण ही तपासणी निघण्याच्या वेळी होते, कर्ज काढून एजंटला पैसे देऊन झाल्यावर. जर्मनीच्या कराराबाबत तर राज्याने एवढे तरी करावे: कोणत्या परवान्यावर पाठवणार, नोकरी सुटली तर मुदत किती, कुटुंब कधी नेता येईल, पदवीला मान्यता कोण देणार, हे मराठीत छापून प्रत्येक उमेदवाराच्या हाती द्यावे, आणि ते भाषेच्या वर्गात नाव घालण्याआधी. घरांनीही स्थळ पाहताना किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना पगाराआधी व्हिसाचा प्रकार विचारावा. मुलगी एच-४ वर जाणार असेल तर तिला तिथे नोकरी करता येईल का आणि कधीपासून, हे लग्न ठरण्यापूर्वी विचारायला संकोच करू नका.